वीजघर दिलं, तर पाण्याची चावी कोणाकडं?

मित्रहो, पोस्ट लांब आहे. पण विषय आपल्या नळाचा अन् पाटाचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

सरकारी जलविद्युत केंद्रं खासगी कंपन्यांच्या हाती द्यायची चर्चा राज्यात अधूनमधून सुरू असते. वीज कर्मचाऱ्यांच्या संघटना विरोध करतात, मागण्यांच्या यादीत तो मुद्दा असतो. आपल्याकडं मात्र बातमी होते ती एवढीच, की संप झाला तर लाईट जाईल का. "कोयना कुठं अन् आपण कुठं!" असं आमच्यातलाच एक पत्रकार मित्र मला म्हणाला.

त्याचं म्हणणं वरवर पाहता बरोबर आहे. कोयनेची क्षमता १,९५६ मेगावॉट. आपल्याकडं पारसचं केंद्र ५०० मेगावॉटचं, तेही कोळशावरचं. पण महानिर्मितीच्या जलविद्युत केंद्रांची यादी खालपर्यंत वाचत गेलं की दोन ओळखीची नावं दिसतात. वान, दीड मेगावॉट. शहानूर, पाऊण मेगावॉट. एक तेल्हारा तालुक्यात, वारीच्या हनुमानाजवळ. दुसरं अंजनगाव सुर्जी तालुक्यात, मेळघाटच्या पायथ्याशी.

एवढ्याशा विजेनं काय होते, असं वाटेल. विजेनं फार काही होत नाही. पाण्यानं होते.

मी दर्यापूर तालुक्यातला, खारपाणपट्ट्यातला. आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे. गोड पाण्यासाठी आईचा अर्धा दिवस जायचा. शहानूरचं पाणी नळाला आलं तेव्हा आमच्या गल्लीत कोणी भाषण केलं नाही, पण बायांच्या डोक्यावरचा हंडा उतरला. मागं एकदा गावात या खासगीकरणाबद्दल बोलणं निघालं, तर शेजारचे आबाजी म्हणाले, "बापू, लाईन गेली तं कंदील लावता येते. पाणी गेलं तं काय लावतं?"

आता यात गोम कुठं आहे ते पाहा. जलविद्युत केंद्रात पाणी संपत नाही. धरणातलं पाणी पाइपातून टर्बाइनवर पडते, यंत्र फिरते, वीज तयार होते अन् पाणी पुढं जाते. म्हणून लोक म्हणतात, कंपनीनं चालवलं तर बिघडलं काय? बिघडू शकते ते वेळेचं गणित. वीज विकणाऱ्याला पाणी तेव्हा सोडायचं असते जेव्हा विजेला भाव असतो. हरभरा पेरलेल्या माणसाला पाणी त्याच्या पाळीच्या दिवशी लागते. अन् दुष्काळाच्या साली पिण्याचा साठा राखायचा तर पाणी सोडायचंच नसते. म्हणजे वीजघराच्या सौद्यात यंत्रं अन् इमारत तर जातेच, पण पाणी कधी सोडायचं या प्रश्नात एक नवा हिस्सेदार येतो.

दुसरी बाजूही सांगतो. ही केंद्रं बहुतेक जलसंपदा विभागानं बांधली अन् महानिर्मितीला चालवायला भाड्यानं दिली. यंत्रं जुनी होतात, दुरुस्तीची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरते, अन् तोवर पाणी वीज न करताच वाहून जाते. म्हणून मार्ग निघाला तो असा: कंपनीनं केंद्र पट्ट्यानं घ्यावं, नूतनीकरण करावं, चालवावं अन् मुदत संपली की परत द्यावं. नगर जिल्ह्यात भंडारदऱ्याचं वीजघर गेली अनेक वर्षं खासगी कंपनी चालवते. त्यामुळं खासगी म्हटलं की लगेच दगड उचलायचा, असं माझं म्हणणं नाही. माझा प्रश्न आहे, सौदा होण्याआधी कोण विचारणार?

अन् इथंच कायद्यात फट आहे. वीज कायदा २००३, कलम १७: परवानाधारक कंपनीला आपली यंत्रणा विकायची असो की पट्ट्यानं द्यायची असो, वीज नियामक आयोगाची आधी मंजुरी लागते. म्हणजे महावितरणच्या तारा-खांबांना हे कलम लागू. पण त्याच कायद्याच्या कलम ७ नं वीजनिर्मितीला परवान्यातूनच मोकळं केलं. परवाना नाही, म्हणून कलम १७ नाही. आयोग येतो तो नंतर, वीज खरेदीचा करार अन् दर तपासायला.

आणखी गंमत पाहा. कलम ८ म्हणते, मोठं जलविद्युत केंद्र नव्यानं बांधायचं तर पिण्याचं पाणी, सिंचन, पूरनियंत्रण यांना बाधा येते का ते केंद्रीय वीज प्राधिकरणानं तपासावं. बांधताना हे प्रश्न विचारायचे, अन् तेच केंद्र दुसऱ्याच्या हाती देताना विचारायचे नाहीत, हे कसं काय?

जगात याचे धडे घेऊन झालेत. कॅलिफोर्नियात पीजी अँड ई ही कंपनी आपली साठाहून जास्त जलविद्युत केंद्रं विकायला निघाली होती. तेवढ्यात विजेचं संकट आलं, अन् जानेवारी २००१ मध्ये तिथल्या विधिमंडळानं कायदा करून अशा विक्रीवर २००६ पर्यंत बंदी घातली. डोंगराळ मोंटाना राज्यात १९९९ मध्ये धरणं विकली गेली. पुढं २०१४ मध्ये तिथल्या वीज वितरण कंपनीनं त्यातली ११ धरणं सुमारे ९० कोटी डॉलर मोजून परत घेतली. विकायला सही पुरते, परत घ्यायला पिढीची कमाई लागते.

आपल्याला एवढ्या दूर जायची गरज नाही. नांदगाव पेठच्या औष्णिक प्रकल्पाला ऊर्ध्व वर्धा धरणातून वर्षाला ८७.६० दलघमी पाणी मंजूर झालं, तेव्हा अमरावतीत केवढं आंदोलन झालं ते आठवा. पुढं २०११ मध्ये जलसंपत्ती नियमन कायदाच दुरुस्त झाला, पाणीवाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडं गेला अन् आधीच्या मंजुऱ्याही कायदेशीर ठरल्या. वानचं पाणी अकोला शहराला द्यायचं ठरलं तेव्हा तेल्हाऱ्यातले शेतकरी रस्त्यावर आले. दोन्ही वेळा गोष्ट एकच: निर्णय आधी, विचारणं नंतर.

म्हणून माझ्या मते चार अटी कायद्यात किंवा नियमात लिहिल्या पाहिजेत:

१. सरकारी जलविद्युत केंद्र विकायला किंवा पट्ट्यानं द्यायला वीज नियामक आयोगाची आधी मंजुरी, अन् त्याआधी त्याच जिल्ह्यात जनसुनावणी. मुंबईत नाही.

२. धरणाचे दरवाजे अन् पाणी सोडायचं वेळापत्रक जलसंपदा विभागाकडंच. पाळी ठरली की वीजघरानं त्यात बसवून घ्यायचं.

३. बांधकामाचा खर्च लोकांच्या पैशातून झाला आहे. तो पुन्हा विजेच्या दरात लावता येऊ नये.

४. करार मराठीत, पूर्ण, सगळ्यांना वाचता येईल असा जाहीर.

या मागण्यांना पक्ष नाही. वान अन् शहानूरच्या लाभक्षेत्रातल्या मित्रांना एक विनंती. रब्बीच्या आधी कालवा सल्लागार समितीची बैठक होते. पाणीवापर संस्थेमार्फत तिथं लेखी विचारा: आमच्या धरणावरच्या वीजघराबाबत काही प्रस्ताव आहे का, अन् असेल तर पाणी सोडायचा अधिकार कोणाकडं राहील? उत्तर लेखीच मागा. मिळालं की मला पाठवा, मी इथं जसंच्या तसं टाकतो.