काळ्या पाषाणाआधीच्या कृत्तिका

कार्तिकात गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावच्या शिवारात कापसाची वेचणी चालू असते. रात्री लाइट आली की शेतकरी बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघतो. पाण्याची दारं धरताना मान वर केली तर ईशान्येकडून वर आलेला कृत्तिकांचा पुंजका दिसतो. सहा चांदण्या सहज मोजता येतात. पौर्णिमेचा चंद्र यांच्याजवळ येतो, म्हणून या महिन्याचं नावही यांच्यावरूनच पडलं.

ज्योतिर्विद या पुंजक्याला तरुण म्हणतात. त्याचं वय सुमारे १० कोटी वर्षं, तर आपला सूर्य ४६० कोटींचा. एकाच वायुमेघातून जन्मलेली ही भावंडं अजून एकत्र आहेत, आणि त्यांतले मोठे निळे तारे अजून जळताहेत. असे तारे इंधन भराभर संपवतात. ते शिल्लक आहेत यावरूनच तारुण्य ओळखू येतं.

तरुण खरं, पण कोणाच्या मानाने? गंगाखेड तालुक्यातला बालाघाटाचा काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. गावच्या रेणुकादेवीच्या पायाखालचा कातळ या 'तरुण' ताऱ्यांहून धाकटा आहे! विहीर खणताना सुरुंग लावून जो फोडावा लागतो, तो दगड वितळलेला होता तेव्हाही कृत्तिका तेवतच होत्या.

त्यांचा प्रकाश इथवर यायला सुमारे ४४० वर्षं लागतात. आज दारं धरणाऱ्याच्या डोळ्यांत उतरणारा उजेड निघाला, तेव्हा गोदावरीच्या काठी, पैठणला, संत एकनाथ हयात होते.

गॅलिलिओने १६१० मध्ये दुर्बिणीतून पाहून या पुंजक्यातले ३६ तारे चितारले. आज हजारावर माहीत आहेत. मराठी माणसाला मात्र त्याहून जवळचं नाव शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं. कोकणातल्या मुरुडचे हे शिक्षक. कृत्तिका पूर्व दिशा सोडत नाहीत, असा शतपथ ब्राह्मणातला उल्लेख त्यांनी नुसता वाचून सोडला नाही. पृथ्वीचा अक्ष सावकाश फिरतो, त्यामुळे ताऱ्यांची उगवण्याची जागा सरकते. त्या हिशोबाने कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवत होत्या तो काळ इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपासचा, असं त्यांनी मांडलं. एका वाक्यावरून आकाशाचं घड्याळ उलटं फिरवणारी ही बुद्धी शाळाशाळांतून सांगितली जायला हवी.

मे महिन्यात पंचांगात सूर्य कृत्तिकांत येतो. शेतं नांगरून पडलेली असतात, रोहिणी-मृगाची वाट सुरू होते, आणि त्या दिवसांत कृत्तिका सूर्याच्या उजेडात बुडून दिसेनाशा होतात. जूनच्या अखेरीस, ढगांतून फट मिळाली तर, पहाटे ईशान्येला त्या पुन्हा सापडतात.