त्या मुलीचं देणं

मणक्याला इजा झाली तेव्हापासून मी नळी घालूनच लघवी काढतो. कितीही काळजी घेतली तरी मूत्राशयात थोडी लघवी उरते आणि तिथे जंतू वाढतात. मग हुडहुडी भरून ताप, ताठणारे पाय, पुन्हा यूरिन कल्चर, म्हणजे लघवीतल्या जंतूंची तपासणी. रिपोर्टमध्ये अँटिबायोटिकांची नावं एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे ‘एस’ किंवा ‘आर’. ‘आर’ म्हणजे ते औषध आता चालणार नाही. रिपोर्ट हातात आला की माझी नजर आधी ‘आर’वरच जायची, आणि ते वाढतच चालले होते.

पुण्याच्या एका डॉक्टरांनी एकदा रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, “ताप आहे? त्रास आहे? नाही ना? मग औषध कशाला?” आणि एका मुलीबद्दल सांगितलं.

1970च्या दशकात स्वीडनमधल्या गोथेनबर्गला शाळकरी मुलींची लघवी तपासली जात होती. एका मुलीच्या मूत्राशयात ई. कोलाय जंतू किमान 3 वर्षं राहिले, पण तिला कसलाच त्रास नव्हता. मूत्राशयाच्या भिंतीला चिकटायला जे बारीक तंतू लागतात, ते या जंतूंत कामाचे उरलेच नव्हते. ते नुसते लघवीत वाढायचे. त्यांना नाव मिळालं ई. कोलाय 83972.

पुढे स्वीडनमधल्याच लुंडला कॅथरिना स्वानबोर्ग यांच्या गटाने हेच जंतू वारंवार संसर्ग होणाऱ्या रुग्णांच्या मूत्राशयात नळीतून सोडले. निरुपद्रवी जंतूंनी जागा धरली की उपद्रवी जंतूंना शिरकाव अवघड, हा त्यामागचा विचार. 2010 साली 20 रुग्णांचे निष्कर्ष आले: हे जंतू असतानाच्या काळात संसर्ग 13 वेळा, नसताना 35 वेळा. अमेरिकेत ह्यूस्टनलाही असे प्रयोग झाले, तेही माझ्यासारख्याच मणक्याच्या रुग्णांवर. ज्या जंतूंनी आयुष्य नकोसं केलं, त्याच जातीचे जिवंत जंतू या माणसांनी आपणहून आत घेतले. मला विचारलं असतं तर एवढी छाती झाली असती का, सांगता येत नाही. त्यांचं आणि त्या मुलीचं माझ्यावर मोठं ऋण आहे.

ते जंतू माझ्या शरीरात नाहीत. हा उपाय औषधाच्या दुकानात मिळतही नाही. पण लघवीत जंतू दिसले म्हणजे आजार झालाच, ही धास्ती त्यांच्यामुळे गेली. आता त्रास नसेल तर आम्ही कल्चर करतच नाही. ताप आला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठतो.