उजळणी मराठीपासून

लोणी काळभोर

प्रिय भाचीस,


दहावीचा इंग्रजीचा वर्ग तुझ्याकडे आला आणि पत्रात तू एकच प्रश्न विचारलास, उजळणी कुठून सुरू करू? मराठीपासून कर. असं का, ते सविस्तर लिहितो.

2000 सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज दहावीला बसणारं पोर दहा वर्षं हा विषय शिकत आलंय. तरीही 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत 2022 साली देशाच्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या 46.7 टक्केच मुलांना साधी इंग्रजी वाक्यं वाचता आली. पाचवीत तर 24.5 टक्के. पोरं हुशार आहेत. त्यांच्याकडून व्याख्या घोकून घेतल्या जातात, वाक्यं लिहून घेतली जात नाहीत, हे खरं दुखणं.

खरं तर पुष्कळसं भांडवल मुलांजवळ असतंच. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं, तेव्हा लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्यासमोर होता. त्यामुळे नामापासून केवलप्रयोगीपर्यंत शब्दांच्या आठही जाती दोन्ही भाषांत जोडीनं चालतात. मराठीच्या तासाला ज्याला विशेषण ओळखता येतं, त्याला ते इंग्रजीत नव्यानं कशाला शिकवायचं? जिथे फरक आहे तिथेच थांबावं. 'टेबलावर'मधला 'वर' नामाच्या मागून येतो, इंग्रजीतला 'ऑन' पुढून.

आता कोणतीही वही उघड. 'ही डझ नॉट गोज' सापडेलच. फळ्यावर आधी मराठी वाक्यं लिही: तो जातो, ते जातात. मग नकार: तो जात नाही, ते जात नाहीत. मुलांनाच विचार, 'जात'मध्ये काही बदललं का? नाही. एकवचन-अनेकवचनाचा सगळा भार 'नाही'नं उचलला. इंग्रजीतही तेच होतं. 'गोज'चा 'ज' 'डझ'कडे गेला, 'गो' मोकळा झाला. मुलांच्या तोंडी रोज असलेली गोष्टच त्यांना नियम म्हणून दिसते, आणि एकदा दिसली की सहसा विसरत नाही.

'डिड नॉट वेंट' मात्र याच वाटेनं सुटत नाही. कारण भूतकाळात आपण 'तो गेला नाही' म्हणतो. तिथे 'गेला' तसाच राहतो आणि मूल तोच साचा इंग्रजीत नेतं. ही चूक आळसाची नव्हे, घरच्या भाषेची आहे, हे मुलाला सांगावं. त्याची भीती निम्मी उतरते. तिथे भूतकाळ 'डिड'नं घेतला, आता दुसऱ्यांदा नको, एवढं पुरतं.

उपपदांचं तसं नाही. 'अ', 'ॲन', 'द' यांना मराठीत जोड नाही. तिथे नियम थोडे आणि वाचन भरपूर, दुसरा उपाय नाही.

लेखनाची गोष्ट वेगळी. दहावीच्या 80 गुणांच्या लेखी परीक्षेत पत्राला 5 गुण असतात, म्हणून मार्गदर्शिकेतलं एकच पत्र वर्गभर पाठ होतं. तारीख, पत्ता, मायना बरोबर, आत मात्र मुलाचं एकही वाक्य नाही. लोणी काळभोरच्या मुलांना विषयांची वाण आहे का? पुणे-सोलापूर महामार्ग इथूनच जातो, तेलाच्या डेपोंचे टँकर त्यावर रोज धावतात. शाळेत येताना हा रस्ता ओलांडणाऱ्या मुलीनं गतिरोधकासाठी अर्ज लिहावा. किती वाजता गर्दी होते, लहान भावंडाचा हात का सोडता येत नाही, हे तिला माहीत असतं. आधी मराठीत पाच छोटी वाक्यं, मग तीच इंग्रजीत. लांबलचक मराठी वाक्य तोडून त्याची दोन करणं ही लेखनाची पहिली शिकवण, आणि ती आधी मराठीतच द्यावी लागते.

एक कळकळीचं सांगणं आहे. वह्या तपासताना पानभर लाल शाई करू नकोस. या आठवड्यात फक्त नकाराची वाक्यं, पुढच्या आठवड्यात फक्त भूतकाळ. बाकीच्या चुकांवर तेवढ्यापुरती खूण नको. मुलानं दुरुस्त केलेलं वाक्य त्याच्याच हातानं पुन्हा लिहून घे आणि ते तपास, कारण दुसऱ्यांदा तपासायचंच बहुतेक ठिकाणी राहून जातं.

सहामाही झाली की कुठली चूक सगळ्यांत चिवट निघाली, ते जरूर कळव.

तुझा,
मामा