थैली गेली तं जाऊ द्या

मंडळी, परवा पैनगंगेपलीकडच्या एका शेतात जायचं होतं. पूल लांब, म्हणून तराफ्यानं निघालो. तराफा म्हणजे थर्माकोलचे ठोकळे, वर बांबू. दोन्ही काठांना दोर बांधलेला, तो ओढत पुढं सरकायचं. सहा माणसं, जेवणाचे डबे, विळे आणि डीएपीची ५० किलोची थैली.

मधोमध तराफा कलला. थैली गेली पाण्यात! मी उठायला लागलो तशा एक काकू ओरडल्या, "थैली गेली तं जाऊ द्या भाऊ, तुम्ही हलू नका!" मला पोहता येत नाही, हे सांगायची हिंमत झाली नाही. काकूंना तरी कुठं येतं? आणि त्यांना तर हे रोजचं. सकाळी जाणं, सांजेला येणं.

जिल्ह्यात पैनगंगेवर ११ बॅरेज झाले. ओलीत वाढलं, चांगलंच झालं. पण जिथून लोक उन्हाळ्यात पायी जायचे, तिथं आता पाणी तुंबून असते.

२०१९ मध्ये ब्रह्मनाळला १७ जीव गेले. २०२१ मध्ये वरुड तालुक्यात झुंजला ११, २०२४ मध्ये उजनीत ६. आपण हळहळलो, विसरलो.

पूल होईल तेव्हा होईल. तोवर प्रत्येक घाटावर एक धड नाव आणि सहा-आठ लाइफ जॅकेट तरी द्या. खताच्या थैलीचे पैसे पुढच्या हंगामात निघतील. माणूस निघत नाही.

तुमच्या गावातही असा तराफा असेल तर गावाचं नाव लिहा. यादी घेऊन मी स्वतः प्रशासनाकडे जातो.