तीन टाक्यांची गाडी आणि यलोस्टोनचे पाणी

अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुटीत रस्त्याने निघालात, तर थोड्या थोड्या वेळाने घराएवढी एखादी गाडी दिसते. तिला तिथे आर.व्ही. म्हणतात. आत पलंग, शेगडी, फ्रीज, मोरी, नहाणी, संडास असे सगळे असते. मुस्लिम कुटुंबाला ही गाडी फार सोयीची. स्वयंपाक आपल्या हातचा, म्हणून हलालची चिंता नाही. नमाजची वेळ झाली की गाडी थांबवावी, वुजू करावा आणि बाहेर मुसल्ला अंथरावा. आमचा मुलगा सॉल्ट लेक सिटीत नोकरीला आहे. आम्ही दोघे रत्नागिरीहून त्याच्याकडे गेलो, तेव्हा मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात यांच्यासह चार दिवस अशी गाडी भाड्याने घेऊन यलोस्टोनला गेलो. तिथे पाहिलेले सांगायचे आहेच, पण गाडीच्या पोटातल्या पाण्याबद्दलही सांगायचे आहे.

गाडी ताब्यात देणाऱ्याने आम्हाला तीन टाक्या दाखवल्या. पहिली स्वच्छ पाण्याची, दीडशे लिटरची. दुसरीत मोरीचे आणि नहाणीचे सांडपाणी जमते; त्याला तिथे राखाडी पाणी म्हणतात. तिसरी संडासाची, म्हणजे काळ्या पाण्याची. हे ऐकताना आम्हाला लहानपणचा मदरसा आठवला. आम्हा कोकणी मुसलमानांना शाफई फिक्हच्या अगदी सुरुवातीच्या धड्यांत पाण्याचे प्रकार शिकवतात. एक पाणी स्वतः पाक असते आणि दुसऱ्यालाही पाक करते. दुसरे पाक असते, पण वुजूसाठी वापरून झालेले असल्याने त्याने पुन्हा वुजू होत नाही. तिसरे नापाक. किताबातला तो धडा इथे गाडीखाली टांगलेला होता. मोरीत काही नजासत धुवायची नाही, एवढे पथ्य सुनेने पहिल्याच दिवशी सर्वांना सांगून ठेवले.

सॉल्ट लेक सिटीपासून यलोस्टोनचे पश्चिमेचे प्रवेशद्वार पाचशे किलोमीटरहून थोडे जास्त आहे. युटातून आयडाहो आणि तिथून माँटाना असा रस्ता जातो. 1872 साली स्थापन झालेले हे अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याहून मोठे. जमिनीखाली ज्वालामुखीची उष्णता आहे. त्यामुळे इथे दहा हजारांहून अधिक ठिकाणी उकळते पाणी, वाफ किंवा चिखल वर येतो. ओल्ड फेथफुल नावाचा कारंजा साधारण दीड तासाने उसळतो. लोक बाकांवर बसून त्याची वाट पाहतात. पाणी आकाशात चढले तेव्हा नात गप्प झाली आणि आमच्या तोंडून आपोआप सुब्हानअल्लाह निघाले.

पहिला मुक्काम मॅडिसनच्या तळावर होता. फायरहोल आणि गिबन या दोन नद्या इथे एकत्र येतात आणि पुढे मॅडिसन नदी होते. तळावर गाडीला वीज, पाणी किंवा सांडपाण्याची जोडणी मिळत नाही. जवळ आहे त्यात भागवायचे. फजरला उठून बॅटरी घेऊन बाहेर आलो. किबला तिथून उत्तरेकडे झुकलेल्या ईशान्येला येतो. त्या दिशेला मुसल्ला अंथरायला गेलो, तर गाडीखालची जमीन ओली दिसली. आम्ही गाडीच्या दुसऱ्या बाजूला, कोरड्या जागी नमाज अदा केली आणि मग खाली वाकून पाहिले. सांडपाण्याच्या पाइपच्या झाकणातून थेंब गळत होते.

प्रश्न होता, गळते आहे ते कोणते पाणी? राखाडी आणि काळ्या पाण्याच्या टाकीला आपापली झडप असते, पण पुढे दोन्हींचे पाइप मिळून एकच तोंड होते आणि त्यावर झाकण बसते. त्यामुळे नुसते झाकण पाहून काही कळत नाही. सुनेने बिर्याणीचा केशरी रंग काढला, तांब्याभर पाण्यात कालवला आणि मोरीत ओतला. खाली पांढरे टब ठेवले. अर्ध्या तासाने टबात केशरी थेंब पडू लागले. संडासाच्या टाकीतले पाणी असते तर त्यात हा रंग आला नसता. सर्वांच्या जिवात जीव आला.

मुलगा म्हणाला, “अब्बा, मोरीचंच पाणी आहे, पाक आहे. जिरून जाईल जमिनीत.” सून म्हणाली, “पाक आहे, पण खरकटं आहे. या वासाने अस्वल आलं तर?” तिचे खरे होते. यलोस्टोनमध्ये ग्रिझली अस्वले आहेत, आणि माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल माणसाला धोकादायक होते. मग अनेकदा त्यालाच मारावे लागते. शिवाय खाली नदी आहे. राष्ट्रीय उद्यानांच्या नियमानुसार गाडीतले सांडपाणी ठरवून दिलेल्या जागेखेरीज कुठेही सोडता येत नाही. कपड्याला लागलेले पाणी पाक असेल तर नमाज होते. पण म्हणून ते दुसऱ्याच्या दारात सांडायची मुभा मिळत नाही. मुलाने हे मानले आणि मोरीचा नळ बंद केला.

भाड्याच्या कंपनीला फोन लावावा तर सिग्नल नव्हता. शेजारच्या गाडीतले वृद्ध अमेरिकन गृहस्थ पाहायला आले आणि सरळ जमिनीवर आडवे झाले. त्यांचे निदान असे: एक तर झडपेचा रबरी वायसर गेला आहे, नाही तर त्यात काही अडकले आहे. त्यांच्या सांगण्यावरून झाकणाला जाड प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली आणि तळावरच्याच सांडपाणी केंद्रावर गाडी नेली. हातमोजे घालून आधी काळी टाकी रिकामी केली, मग राखाडी, म्हणजे साबणाचे पाणी जाता जाता पाइप धुऊन काढते. राखाडी टाकीत पाणी भरून झडप चार-पाच वेळा उघडझाप केली, तेव्हा भाताची शिते आणि कांद्याची साल बाहेर आली. गळती कमी झाली, पण थांबली नाही. मग बावीस किलोमीटर मागे वेस्ट यलोस्टोन गावात जाऊन झाकणाच्या जागी फिरवून बसवायची जादा झडप आणली. त्यानंतर एक थेंबही पडला नाही. परत आल्यावर कंपनीच्या कारागिराने चार बोल्ट काढून मूळ झडपेचे वायसर बदलले.

पुढचे तीन दिवस पाण्याचा हिशेब काटेकोर ठेवला. प्रवासात नमाज जमा करून अदा करीत होतो, म्हणून मोठ्या चौघांना दिवसाला तीन वुजू पुरत. नळाऐवजी लिटरचा तांब्या घेतला. पैगंबर (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत, मुद्द म्हणजे लिटरपेक्षाही कमी. तांब्यातही पाणी उरू लागले. संडासात मात्र पाण्याची काटकसर करू नये. कागदाचे लगदे टाकीत साचून झडपेत अडकतात. आपली पाण्याने स्वच्छ होण्याची सवय त्या टाकीला चांगलीच मानवते.

तिसऱ्या दिवशी क्रेग खिंडीत आयसा नावाचे तळे पाहिले. कमळाच्या पानांनी भरलेले, लहानसे. ते जलविभाजकाच्या अगदी माथ्यावर आहे. त्याचे एका बाजूचे पाणी पॅसिफिक महासागराकडे जाते आणि दुसऱ्या बाजूचे मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखाताकडे. या उंचीवर जे सांडेल ते खालच्या किती गावांच्या पाण्यात जाईल, हे तिथे उभे राहिल्यावर नीट उमगते. शेवटचा मुक्काम यलोस्टोन सरोवराजवळ फिशिंग ब्रिजला केला. या उद्यानात सांडपाण्याची थेट जोडणी मिळते ती तिथेच.

आमचे अनेक वाचक मुलांकडे अमेरिकेला जातात, म्हणून थोडे सांगून ठेवतो. गाडी घेताना टाक्यांत पाणी भरून, खाली कोरडा कागद अंथरून दहा मिनिटे थांबा. मग झाकण काढून पाहा. आतून पाणी आले तर झडप धरत नाही असे समजा. काट्यावर विसंबू नका, टाकीतली घाण काट्याला चिकटली की तो खोटे दाखवतो. मोरीला जाळी लावा. थेट जोडणी असली तरी काळ्या टाकीची झडप बंदच ठेवा आणि टाकी भरत आली की एकदम सोडा, नाही तर पाणी निघून जाते आणि मैला आत वाळतो. टाकीलाच तडा गेला असेल तर आधी तिचे प्लास्टिक कोणते ते विचारा. एबीएसला त्याचा खास सिमेंट चालतो, पॉलिथिनला कोणताही गोंद धरत नाही, ते वितळवूनच सांधावे लागते. आणि एक टब, एक जाड पिशवी, हातमोजे आणि बिर्याणीचा रंग जवळ असू द्या.