घाटातला पाऊस, नदीतलं पाणी आणि गणित

नदीत किती पाणी येईल याचा अंदाज बांधणं हे माझं काम. गणितात पदवी घेऊन या क्षेत्रात आलो, तेव्हा ‘गणितवाल्याचं धरणावर काय काम?’ असं अनेकांनी विचारलं. त्याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. भोर तालुक्यातल्या हिर्डोशीपर्यंत गेलं तरी पुरतं.

हिर्डोशी भोर-महाड रस्त्यावर, वरंध घाटाच्या अलीकडे. नीरा नदी उगम पावते ती वर शिरगावाकडे. तिचं पाणी नीरा देवघर धरणात थांबतं, मग वीर धरणातून कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणच्या उसापर्यंत जातं. उसाला किती पाळ्या मिळणार हे शेवटी एका प्रश्नावर ठरतं : हिर्डोशीच्या खाचरांवर आणि वरच्या डोंगरांवर जो पाऊस पडला, त्यातला नदीत किती आला?

या प्रश्नावर १९२९च्या सुमारास इंग्लिस आणि डिसूझा यांनी पश्चिम भारतातल्या ५३ ठिकाणच्या प्रवाहाच्या नोंदी घेऊन दोन सूत्रं मांडली, एक घाटासाठी आणि एक पठारासाठी. क्लॉड इंग्लिस हे अभियंता. पुण्यात १९१६ साली सुरू झालेल्या ज्या पाटबंधारे कक्षातून आजचं खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र वाढलं, त्याची घडी बसवणाऱ्यांत ते आघाडीवर होते. पण या सूत्रांमागचं काम निखळ गणित्याचं आहे. विखुरलेल्या नोंदींमधून रेषा काढायची, आणि ती कुठवर खरी धरायची तेही ठरवायचं.

घाटाचं सूत्र असं : वर्षभराचा पाऊस सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याला ०.८५ने गुणा, त्यातून ३०.५ वजा करा. पाऊस २५० सेंटिमीटर धरला तर नदीत येतं १८२ सेंटिमीटर, म्हणजे पडलेल्या पावसाच्या जवळजवळ तीन चतुर्थांश. पठाराचं सूत्र वेगळं : पावसातून १७.८ वजा करा, उरलेल्याला पावसानेच गुणा आणि २५४ने भागा. तिथे ६० सेंटिमीटर पाऊस झाला तर हाती येतं जेमतेम १०. पाऊस घाटाच्या सुमारे चौथा हिस्सा, पाणी मात्र अठरावा. नीरेच्या खालच्या भागातला शेतकरी आपल्या आभाळाकडे कितीही बघो, त्याचं पाणी खरं तर हिर्डोशीच्या आभाळात असतं.

मला या सूत्रात सगळ्यात मोलाचा वाटतो तो ३०.५ हा आकडा. जमीन आधी आपली तहान भागवते, झाडं आपला वाटा घेतात, काही पाण्याची वाफ होते. या खर्चाचा जो भाग पावसाबरोबर बदलत नाही, तो त्या एका आकड्यात आला आहे. आणि तोच आकडा सूत्राची हद्दही दाखवतो. वर्षाचा पाऊस ३५ सेंटिमीटर घातला तर उत्तर शून्याच्या खाली जातं. नदीत उणे पाणी येत नसतं. घाटात इतका कमी पाऊस पडत नाही म्हणून तिथे सूत्र चालतं, पण तेच उचलून दुष्काळी तालुक्यात वापरलं तर निव्वळ चूक होते. अहवालात सूत्र येतं आणि त्याची हद्द गळून पडते, असं मी बरेचदा पाहिलं आहे, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

पाण्याच्या कामावर गणित्यांना बोलावण्याची रीत जुनी आहे. गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली याने १६२८मध्ये वाहत्या पाण्याच्या मोजणीवर ग्रंथ लिहिला. नुसतं पात्र मोजून भागत नाही, वेगही मोजावा लागतो, हे त्याने ठासून सांगितलं. पोपच्या राज्यातल्या नद्यांबद्दल त्याचा सल्ला घेतला जाई. नेदरलँड्सने १९१८मध्ये झुइडर झे हा उपसागर बांध घालून समुद्रापासून तोडायचं ठरवलं, तेव्हा भरतीचं पाणी किती चढेल हे सांगायला समितीवर अध्यक्ष म्हणून बसवले लोरेन्ट्झ, भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी. पाण्याचं घर्षण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, त्यामुळे समीकरण सुटेना. लोरेन्ट्झ यांनी त्याजागी सरळ प्रमाणातलं घर्षण घेतलं, पण असं निवडून की एका भरती-ओहोटीत खर्च होणारी ऊर्जा तेवढीच राहावी. काय सोडायचं आणि काय सोडायचं नाही, याची ती जाण! आठ वर्षांनी अहवाल आला, १९३२मध्ये बांध पुरा झाला, आणि त्यांचे अंदाज खरे ठरले.

आपल्याकडे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस. ओडिशात १९२६मध्ये ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. नदीचं पात्र उथळ झालंय, काठचे बांध काही फूट उंच करा, असं अभियंत्यांचं मत पडलं. महालनोबीसांनी सुमारे साठ वर्षांच्या नोंदी तपासल्या. पात्र वर आल्याचा पुरावा त्यांत नव्हता, पूर आला होता तो वरच्या भागातल्या जबर पावसाने. त्यांनी सुचवलं, पाणी वरच अडवा.

पुराबद्दल इंग्लिस यांचंही एक सूत्र आहे, सह्याद्रीतल्या पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांसाठी. शंभर चौरस किलोमीटरच्या पाणलोटातून मोठ्यात मोठा पूर सेकंदाला सुमारे ११८० घनमीटर येतो. क्षेत्र तिप्पट केलं तर तो सुमारे २१०० होतो, दुप्पटही होत नाही. कारण मोठ्या खोऱ्यात सगळीकडे एकाच वेळी सारखाच पाऊस कोसळत नाही, आणि ओढ्यांचं पाणी नदीला एकाच घटकेला येऊन मिळत नाही. भोर-वेल्ह्याच्या लहान खोऱ्यांत ओढे बघता बघता का फुगतात, ते यावरून कळतं.

आता पावसावरून नदीचं पाणी काढायची ती सूत्रं शंभरीला आली. ती मांडली तेव्हा नीरा देवघर धरण नव्हतं. डोंगरावरचं रान, खाचरं, रस्ते, सगळं बदललं. मग ३०.५ हा आकडा आज या खोऱ्यात किती आहे? तो काढता येतो. धरणाची रोजची पातळी, सोडलेलं पाणी आणि बाष्पीभवन यांवरून आत आलेलं पाणी कळतं. मात्र पाऊस फक्त भिंतीजवळ मोजून चालणार नाही, कारण घाटमाथ्याकडे जावं तसा तो झपाट्याने वाढतो. हिर्डोशीला आणि शिरगावला नीट लावलेले, रोज सकाळी न चुकता वाचलेले पर्जन्यमापक हवेत, आणि दहा-एक वर्षांच्या सलग नोंदी. पुढचा हिशेब गणिताच्या पदवी वर्गातली मुलं करू शकतील. भोरच्या एखाद्या शिक्षकाने हे काम हाती घेतलं, तर आकडेमोडीला मी त्यांच्या शेजारी बसायला तयार आहे.