घरातल्या लग्नांचा विषय

डोंबिवली स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना मध्येच थांबावं लागलं, की मला रिपोर्टआधीच कळतं, हिमोग्लोबिन नऊच्या खाली गेलंय. मग दुसऱ्या दिवशी ठाणे, क्रॉसमॅच, आणि दुपारपर्यंत रक्त चढवणं. थॅलेसेमिया मेजर असलेल्यांचं आयुष्य असंच तीन-तीन आठवड्यांत मोजलं जातं.

तान्ही असताना मी पांढरी पडत चालले, तेव्हा आधी लोहाचं औषध सुरू झालं होतं. खरं तर लोह हाच आमचा शत्रू. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात येतं, आणि शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम बाहेर टाकतं. उरलेलं यकृतात, हृदयात साचतं. ते काढायला लहानपणी रात्रभर पोटाच्या कातडीखाली सुई आणि शेजारी पंप असायचा. कुशीवर वळायची सोय नाही. आता गोळी पाण्यात विरघळवून घेते.

रोगाचं नाव कळल्यावर आजी म्हणाली होती, "आपल्यात असलं नाही गं, हे उल्हासनगरकडचं." फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित राहिले, त्याचंच पुढे उल्हासनगर झालं. सिंधी समाजात या रोगाचे वाहक जास्त, हे खरं आहे. पण वॉर्डात भेटलेल्या तिथल्या आयांना 'मायनर' म्हणजे काय ते माझ्या आईच्या आधी ठाऊक होतं. आम्हाला मात्र कुणी विचारलंच नव्हतं. आई-बाबा दोघंही मायनर, म्हणजे नुसते वाहक, दोघंही धडधाकट. अशा जोडप्याला प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मेजर मुलाची असते. आईच्या गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत दोघांची एचबीए-टूची तपासणी झाली असती, तर त्यांना निदान निवड करता आली असती. मी जगते आहे, मला जगायला आवडतं, आणि तरीही हे मी ठामपणे म्हणते.

मे महिना मला धास्तीचा वाटतो. कॉलेजं बंद, रक्तदान शिबिरं बंद, अर्धी डोंबिवली गावाला. आम्हाला रक्त विनामूल्य मिळतं, पण पेढीत पिशवी असायला हवी ना! बाबा तेव्हा सकाळपासून फोन घेऊन बसतात.

सध्या घरात वेगळाच वाद चालू आहे. माझ्यामुळे काकांच्या मुलांनी तपासणी केली, धाकटा मायनर निघाला. त्याच्यासाठी मुली बघताहेत. काकू म्हणते, "हे सांगितलं तर कोण देईल मुलगी?" मी तिला कागदावर काढून दाखवलं, मुलगी मायनर नसेल तर त्यांचं एकही मूल माझ्यासारखं होणार नाही. अगदी माझं लग्न मायनर नसलेल्या मुलाशी झालं, तरी माझी मुलं मायनरच होतील, मेजर नाही. काकूने कागद घडी करून पत्रिकांच्या फाइलीत ठेवलाय. पुढच्या रविवारी कल्याणहून पाहुणे येणार आहेत, आणि भावाने सांगून टाकलंय की पत्रिकेआधी तो स्वतःचा रिपोर्ट दाखवणार.